आक्कासाठी मीटलोफ

२७ ऑक्टोबर, सोमवार

मनाली ट्रिपवरून परत. एकंदर सक्सेसफुल.

रेल्वेतून बेळगावला उतरायचं होतं, मी पुढं लोंढ्याला उतरलो. झोपलो नव्हतो. डोळे मिटून पुढच्या वर्षाचं प्लॅनिंग करत होतो. दिपाली आणि आरोही बॅगा घेऊन बेळगावला उतरल्या. मी म्हणे 'तुम्ही व्हा पुढं, आलोच' म्हणालो. बायको आणि कॉलेजात जाणारी मुलगी, दोघींतल्या एकीलाही मागं वळून बघायचं सुचू नये? लोंढ्याहून खानापूरमार्गे बसमध्ये उभा राहून आलो.

पोटाची पार वाट लागली आहे. सकाळी पनीर, दुपारी राजमा, रात्री परत पनीर. छातीत जळजळ. निश्चय केला. बाहेरचं खाणं आजपासून बंद. घरचा स्वयंपाक. आणि दर रविवारी तो मी स्वतः करणार. दिपालीला सांगितलं. ती ट्रिपचे कपडे भिजवत होती, तिनं दुसरी बादली ओढली. आनंद सगळ्यांना दाखवता येत नाही.

जेवायला अजून वेळ होता म्हणून कोपऱ्यावर जाऊन गोबी मंच्युरी खाल्ली. निश्चय उद्यापासून.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

घरचा स्वयंपाक जोरात सुरू. भाकरी, वांग्याची भाजी, वरण. दिपालीनं केला, मी लक्ष ठेवलं.

माझा मेनू ठरला. मीटलोफ. जुन्या मनालीत एका कॅफेत एक गोरा खात होता, मीही मागवला. मटणाचा खिमा, पावाचा चुरा आणि अंडं एकत्र मळायचं, न कापलेल्या ब्रेडसारखा आकार द्यायचा आणि भट्टीत भाजायचं. मग सुरीनं काप काढायचे. खायला एकदम फिक्का. तिथंच मला सुचलं की ह्यात आपली संकेश्वरी मिरची घातली तर हा पदार्थ सुधारेल. त्या लोकांना इतकी वर्षं हे कसं सुचलं नाही, त्यांचं त्यांना माहीत.

संध्याकाळी नोकरीवरून, म्हणजे सोसायटीतून, येताना गोबी. पार्सल होतं, म्हणजे घरी बसून खाल्लं.

२९ ऑक्टोबर, बुधवार

मंगलआक्का फोन उचलत नाही. मंगलआक्का म्हणजे माझी थोरली बहीण, निपाणीत दिलेली. (हे मी कुणासाठी लिहितोय? असो. डायरी व्यवस्थित असावी.)

झालं एवढंच की भाऊबीज ट्रिपमध्ये आली. मी आणली नाही, कॅलेंडरनं आणली. आई-आप्पा गेल्यापासून आक्काला माहेर म्हणजे मीच. दर भाऊबीजेला निपाणीला जातो, आक्का ओवाळते, जेवण, दुपारची झोप, परत. यंदा ट्रिपला जातोय हे तिला सांगायचं राहिलं. सांगणारच होतो, त्याच दिवशी सकाळी. पण बर्फ बघितल्यावर माणसाचं डोकं थाऱ्यावर राहत नाही. फक्त स्टेटस ठेवला. बर्फात मी, गॉगल लावून, खाली 'एन्जॉयिंग'. आरोही म्हणते, आक्काआत्यानं तो सगळ्यांच्या आधी बघितला. मग चांगलंच की. कळवलं असंच झालं ते.

दिपालीचं म्हणणं, आपल्याकडं त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत राहिलेली भाऊबीज करून घेता येते, उद्याच्या उद्या निपाणीला जा, पाटावर बसा, माफी मागा. मी म्हटलं, रिकाम्या हातानं? ती म्हणाली, साडी घेऊन जा. साडी काय, कोणताही भाऊ नेतो. त्यात माझं असं काय दिसणार?

माझा प्लॅन वेगळा आहे. आक्का आणि दाजींना इकडं बोलवायचं आणि माझ्या हातचा मीटलोफ वाढायचा. आक्काच्या डोळ्यात पाणी आलं पाहिजे.

कॅलेंडर काढून बसलो. गुरुवारी दत्त, शनिवारी मारुती, सोमवारी महादेव, ह्या वारी घरात मटण शिजत नाही. ह्या रविवारी तुळशीचं लग्न. मंगळवार देवीचा. पुढच्या बुधवारी पौर्णिमाच. म्हणजे पौर्णिमेच्या आत मटणाचा वार एकच, परवाचा शुक्रवार, आणि तो ट्रायलला लागणार. तेव्हा फायनल तारीख नऊ, रविवार. दिपाली म्हणाली, तोवर ओवाळायचे दिवस संपतात. तिला समजावलं की भाऊबीज दरवर्षी येते. ती माझ्याकडं बघत राहिली. पटलं असावं.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

ट्रायल.

घरात ओव्हन नाही. कुकरमध्ये वाळू घालून आरोही केक करते, तीच पद्धत. खिमा मळला. मिरची, लसूण, आलं, गरम मसाला सगळं अंदाजानं, कारण मला अंदाज आहे. मळताना डोळ्याला हात लागला. अर्धा तास बेसिनपाशी. तेवढ्या वेळात दिपालीनं कुकर लावला, पण ती मदत धरता येणार नाही.

उघडल्यावर लोफ दिसला. उचलल्यावर दिसेना. सगळा मोकळा झाला. आरोही म्हणाली, पप्पा, खिमा मस्त झालाय. हा खिमा नाही हे तिला दोनदा सांगितलं. तिनं पाव मागितला.

दोष पावाच्या चुऱ्याचा. पाव ताजा होता. शिळा पाहिजे.

कुकर करपला आहे. घासायला ठेवला.

१ नोव्हेंबर, शनिवार

एक तारीख. दरवर्षीप्रमाणे शहरात अर्धी माणसं राज्योत्सवाच्या मिरवणुकीत, अर्धी काळ्या दिनाच्या फेरीत, रस्त्यावर पोलीस, दुकानं बंद. घरात बसून मीटलोफचे व्हिडिओ बघितले. डोळे दुखले. संध्याकाळी गोबीचा गाडासुद्धा नव्हता. माझा निश्चय पहिल्यांदाच पूर्ण दिवस टिकला.

२ नोव्हेंबर, रविवार

तुळशीचं लग्न. दिपालीनं वृंदावन रंगवलं, ऊस बांधला. मंगलाष्टका मी म्हटल्या. म्हणता म्हणता मला टिनचा प्रश्न सुटला. केकचा टिन रुंद आहे, म्हणून लोफ पसरतो. अक्षता टाकायच्या राहिल्या.

दिपालीनं परत विषय काढला. निपाणी काय लंडनला आहे काय, दीड तासात पोचू. मी म्हटलं, एवढा मोठा कार्यक्रम ठरवलाय, आत्ता अधेमधे गेलो तर सरप्राइज काय राहिलं?

आक्काला मेसेज टाकला, 'नऊ तारखेला सरप्राइज'. दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही. उत्सुकता ताणली गेली आहे.

३ नोव्हेंबर, सोमवार

दिवाळीआधी आपण नानकटाईचं पीठ मळून कॅम्पातल्या बेकरीत नेतो, ते भट्टीत भाजून देतात, डबे भरून आणतो. मग मीटलोफ का नाही? बेकरीवाल्याला हाफ डे काढून भेटलो. आधी नीट ऐकत होता. मान डोलवत होता. मटण म्हटल्यावर त्यानं भट्टीचं दार लावून घेतलं. म्हणाला, साहेब, ह्या भट्टीत सगळ्या गल्लीची नानकटाई भाजते. उद्या कळलं तर माझ्याकडं पीठ कोण आणेल?

व्हिजन नाही. म्हणून बेळगाव मागं आहे.

येताना तिथलेच दोन पॅटिस खाल्ले. त्याला वाईट वाटू नये म्हणून.

४ नोव्हेंबर, मंगळवार

सोसायटीत माझ्या शेजारच्या टेबलावर वृषभ बसतो. चिकोडीकडचा, जैन, कांदा-लसूणसुद्धा खात नाही. दुपारच्या डब्याला त्याला मीटलोफची पूर्ण प्रोसेस सांगितली. खिमा हातानं कसा मळायचा इथपर्यंत आल्यावर त्यानं डबा बंद केला. पोट भरलं म्हणाला. अर्ध्या पोळीत पोट भरतं, ह्यांची तब्येत कशी सुधारणार?

मग विचारलं, आक्काकडं जाऊन आलास काय? म्हटलं, रविवारी तीच येणार आहे. तो म्हणाला, त्याची बहीण सदलग्याला. भाऊबीजेला तो पहाटे बाइकवरून गेला, ओवाळून घेऊन चहा पिऊन परत आला.

काही लोकांना आयुष्यात महत्त्वाकांक्षाच नसते.

५ नोव्हेंबर, बुधवार

त्रिपुरी पौर्णिमा. दिपाली सकाळीच आवरून बसली. पिशवीत साडी, नारळ. आज शेवटचा दिवस, चला म्हणाली. रजा टाकायला लावत होती.

आज कसं जमणार? मिरच्या गच्चीवर उन्हात घातल्या होत्या. मसाला आजच कुटला नाही तर रविवारी मुरणार कधी? तिला म्हटलं, तू जाऊन ये की. ती म्हणाली, मला ओवाळून काय उपयोग. पिशवी खुंटीला लावली आणि दिवसभर माझ्याशी बोलली नाही. पौर्णिमेला बायकांचं असं होतं असं कुठं तरी वाचलंय.

संध्याकाळी तिनंच आक्काला फोन लावला. आतल्या खोलीत, दार लोटून. लई वेळ बोलल्या. बाहेर येऊन म्हणाली, रविवारी येतायत दोघं.

बघा. मीटलोफचं नाव काढल्यावर कशी तयार झाली! दिपाली म्हणते, तिनं मीटलोफचं नाव काढलंच नव्हतं. मत्सर. दुसरं काय.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

दुसरी ट्रायल. आरोहीच्या मैत्रिणीचा ओव्हन रिक्षात घालून आणला. टिन नवीन. पाव शिळा, चार दिवसांचा. मसाला माझा, ताजा. कुटताना शेजारचे लोक खोकत दारात आले, म्हणजे मिरची चांगली आहे.

लोफ उभा राहिला! फोटो काढला. कापल्यावर वरून काळा, मधे लाल. लाल म्हणजे मसाला नव्हे, मटण. दिपालीनं तो परत कढईत घालून परतला. परत खिमा. आरोहीनं परत पाव मागितला.

तरी कॉन्फिडन्स वाढला आहे. करायच्या होत्या तेवढ्या चुका करून झाल्या. आता रविवारी करायला चूकच शिल्लक नाही.

पोटात जळजळ. थंड म्हणून आइस्क्रीम.

९ नोव्हेंबर, रविवार, सकाळ

कॅम्पात मटण आणायला लवकर गेलो. सगळं बोनलेस, बारीक खिमा करून द्या म्हटलं. मटणवाला विचारतो, साहेब, पावणे हाईत व्हय? मग रश्श्याला हाडं? मी म्हटलं, एक पण नको. त्यानं परत विचारलं, नळी तरी? नाही म्हटलं. तो सुरा हातात धरून थोडा वेळ माझ्याकडं बघत उभा राहिला. काळजी वाटली असावी.

घरी दिपालीनं पण तेच. निपाणीची माणसं मटणाला यायची आणि रस्सा नाही? हेच, हेच बदलायला पाहिजे. पावणा आला की तांबडा रस्सा, पांढरा रस्सा. आपल्या भागाच्या डोक्यातून रस्सा गेला की प्रगती होईल. दिपाली पिशवी घेऊन बाहेर गेली. कोथिंबीर आणायला असेल.

मळायला घेतलं. ह्या वेळी मसाला दुप्पट. दोन ट्रायलमध्ये चव कुणाच्या लक्षात राहिली नव्हती.

९ नोव्हेंबर, रविवार, संध्याकाळ

पावणे आत्ताच गेले. सविस्तर लिहून ठेवतो, कारण असा कार्यक्रम घरात परत कधी होईल सांगता येत नाही.

आक्का आली ती माझ्यासाठी डबा घेऊन. दिवाळीचा फराळ, भाऊबीजेसाठी बाजूला काढून ठेवलेला. चिवडा मऊ, करंजीच्या सारणाला वास. तिला सांगितलं, आक्का, डब्याचं झाकण घट्ट पाहिजे. ती म्हणाली, व्हय, चुकलंच माझं.

लोफ बाहेर काढला. उभा! आतून पण शिजलेला! सुरीनं कापायची आयडिया होती, पण सुरीची धार गेलीय, विळीवर कापावा लागला. ताटात दोन काप, उकडलेल्या बटाट्याचा लगदा, भाकरी. हॉटेलसारखं.

आण्णाप्पा दाजी तंबाखूचे व्यापारी, बोलणं कमी. त्यांनी भाकरी घेतली, ताटात बारीक कुस्करली, मधे आळं केलं आणि हात वर धरून बसले. मी म्हटलं, घ्या दाजी. ते म्हणाले, रस्सा येऊ दे. मी त्यांना समजावलं की ही ड्राय डिश आहे, बाहेरच्या देशात अशीच खातात. दाजी 'बरं' म्हणाले. हात तसाच वर.

मग दिपालीनं आतून पातेलं आणलं. तांबडा रस्सा. सकाळी स्वतः जाऊन हाडं आणून केला होता, मला न विचारता. दाजींनी आळं भरून घेतलं. परत भरून घेतलं. लोफचा एक काप त्यात बुडवून बघितला, तो बुडाला नाही. तसाच कडेला ठेवला. आरोहीनं पण रस्साच घेतला. एकंदर रस्सा माझ्या डिशला साइड डिश म्हणून चांगला उठून दिसला.

आक्कानं रस्सा-भात खाल्ला. आग्रह करून तिला लोफचा घास खायला लावला. तिच्या डोळ्यात पाणी आलं, मी म्हटलं होतं तसंच. ती तांब्याभर पाणी प्यायली.

जेवणं झाल्यावर मी मुद्द्यावर आलो. आक्का, आता राग गेला न्हवं?

आक्का म्हणाली, "राग कसला रं महादू. त्या दिशी ताट करून बसलते. दुपार झाली. तुझे दाजी म्हणले, तू जेवून घे. म्हणलं, येईल की, वाटंत असंल. मग तुझा फोटू दिसला."

मी म्हटलं, बर्फ भारी होता न्हवं?

मग ती म्हणाली, "सांजच्याला बीजेची कोर दिसली. ताट घिऊन अंगणात गेले आन चंद्राला ओवाळलं. ज्या बाईला भाऊ न्हाय, तिनं तसंच करायचं असतंय. मग जेवले."

हे जरा जास्त होतं. भाऊ समोर बसलेला असताना असं बोलायचं? पण मोठी आहे, मी मन मोठं केलं. म्हटलं, आक्का, पुढच्या वर्षी नक्की. बघ तू, मीटलोफ घेऊन निपाणीला येतो.

आक्का उठली, पदर नीट केला. आवाज अजिबात चढलेला नव्हता. म्हणाली, "नको रं. मला चंद्रच बरा हाय. त्यो वेळंवर येतोय. आन त्येचं कवतिक बी करावं लागत न्हाय."

दिपालीनं तिला कुंकू लावलं, ती खुंटीवरची साडी दिली. दोघी दारात लई वेळ एकमेकींचा हात धरून उभ्या होत्या. दिपाली आत आली तेव्हा तिचे पण डोळे लाल. म्हटलं, मिरची लागली काय? ती भांडी घासायला बसली.

वातावरण खेळीमेळीचं. दाजी हसले नाहीत, पण ते कधीच हसत नाहीत. थोडक्यात आक्काचा राग गेला असं समजायला हरकत नाही. राग असता तर ती भांडली असती. लहानपणापासून ती माझ्याशी भांडतच आलीय. आज अजिबात भांडली नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार

मीटलोफ जवळजवळ अख्खा उरला. सोमवार, त्यामुळे घरात कुणी हात लावणार नाही. उद्या मंगळवार. दिपालीनं विचारलं, टाकू काय? टाक म्हटलं. ओव्हन परत द्यायचा आहे.

पोटात आग आहे. दिवसभर ताक. सोसायटीत वृषभनं विचारलं, कसं झालं? मी म्हटलं, एकदम बेस्ट. तो म्हणाला, आक्का काय म्हणाली? मी म्हटलं, काम आहे, नंतर बोलू.

संध्याकाळी गच्चीवर गेलो. सहज. चंद्र कुठंच नव्हता. सगळीकडं बघितलं, टाकीच्या मागं पण. आरोहीला विचारलं. ती म्हणाली, पप्पा, पौर्णिमा होऊन गेली, आता तो रोज उशिरा उगवणार.

घ्या! म्हणजे त्याचं पण काही खरं नाही. आणि पंधरा दिवसांत तर अख्खा गायब होतो. हे आक्काला सांगायलाच पाहिजे.

फोन लावला. रिंग वाजत राहिली, वाजत राहिली आणि बंद झाली.

जेवायला बसली असेल.